पू, पाणी आणि भोक: आयसीडी-१०-सीएमच्या जे ८५ आणि जे ८६ या पानांचा कस

आयसीडी-१०-सीएम हा निदानांच्या कोडचा ग्रंथ फुकट मिळतो, आणि फुकटच्या गोष्टीचं परीक्षण करायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. कोडर, म्हणजे डॉक्टरांच्या कागदांवरून कोड लावणारा माणूस, तो रोज उघडतो, त्याच्यावर चिडतो आणि पुन्हा तोच उघडतो. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून रुग्णालयांचे सगळे क्लेम, म्हणजे विम्याकडे पाठवलेले बिलांचे दावे, याच ग्रंथातल्या निदानाच्या कोडवर चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० चा सांगाडा घेऊन तिथल्या एनसीएचएस या सरकारी आरोग्य-सांख्यिकी संस्थेने तो वाढवलेला आहे. सोबतच्या मार्गदर्शक सूचनांवर एनसीएचएस, सीएमएस (सरकारी आरोग्यविमा चालवणारी संस्था), एएचए (रुग्णालयांची संघटना) आणि एएचआयएमए (आरोग्य-नोंदी सांभाळणाऱ्यांची संघटना) या चौघांची संमती असते.

एवढ्या मोठ्या ग्रंथाचं सरसकट परीक्षण करण्यात अर्थ नाही. एखादं अवघड निदान घ्यायचं आणि ग्रंथ तिथे कसा वागतो ते पाहायचं. फुप्फुसाभोवतीचा पू हे त्यासाठी चांगलं निदान आहे. कोड मोजून सहा: जे ८५ खाली चार, जे ८६ खाली दोन. चुका मात्र सहाच्या कितीतरी पट. आधीच सांगून टाकायचं तर इंडेक्स (शब्दावरून कोड शोधायची सूची) उत्तम, टॅब्युलर (कोडच्या क्रमाने मांडलेली यादी) नेमका पण कंजूष, आणि जे ८६.० हा कोड म्हणजे घरातली अडगळीची खोली.

प्रश्नाचं मूळ शब्दांत आहे. डॉक्टर लिहितात ‘एम्पायेमा’, ग्रंथाच्या मथळ्यावर आहे ‘पायोथोरॅक्स’. छातीच्या बाबतीत दोन्हींचा अर्थ फुप्फुसाभोवतीचा पू. आयसीडी-९ मध्ये ५१० या गटाचं नावच एम्पायेमा होतं आणि त्यातही दोनच कप्पे होते, ५१०.० फिस्टुलासह (फिस्टुला म्हणजे आत पडलेलं भोक, नको तिथे झालेली वाट) आणि ५१०.९ फिस्टुलाशिवाय. आयसीडी-१० ने पाटी बदलली, आतलं सामान तसंच ठेवलं. त्यामुळे सर्च खिडकीत थेट कोडच्या मथळ्यांत ‘एम्पायेमा’ शोधणारा नवा माणूस गोंधळतो. इंडेक्सवरून जाणाऱ्याला ही अडचण येत नाही, कारण तिथे एम्पायेमा ही स्वतंत्र मुख्य नोंद आहे आणि ती सरळ जे ८६.९ वर, म्हणजे फिस्टुलाशिवायच्या पायोथोरॅक्सवर, आणून सोडते. त्याच नोंदीखाली ‘फिस्टुलासह’ अशी पोटनोंद आहे, ती जे ८६.० वर नेते. क्षयाची वेगळी पोटनोंद आहे. पित्ताशयाचीही आहे, आणि ती के ८१.० कडे जाते. ही शेवटची विसरू नये. पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टातला ‘एम्पायेमा’ छातीत नेऊन टाकणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

इंडेक्समध्ये मुख्य नोंदीपुढे कंसात काही शब्द येतात: अक्यूट, चेस्ट, डबल, प्ल्युरा, थोरॅक्स. हे शब्द चार्टमध्ये असोत वा नसोत, कोड बदलत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना पू असला तरी जे ८६.९ एकदाच लागतो. डावं-उजवं वेगळं दाखवणारा कोड नसेल तर तोच कोड एका भेटीत दोनदा लावायचा नाही, हा सर्वसाधारण नियम आहे. तरीही ‘बायलॅटरल’ वाचून दोनदा टाकलेला जे ८६.९ तपासणीत सापडत राहतो.

जे ८६.९ खाली काय काय मोडतं तेही पाहण्यासारखं आहे. फुप्फुसावरणातलं गळू, छातीतलं गळू, पुरुलंट प्ल्युरिसी, सेप्टिक प्ल्युरिसी, सीरोपुरुलंट, फायब्रिनोपुरुलंट, आणि पू व हवा एकत्र असलेला पायोन्यूमोथोरॅक्स. या शेवटच्याला न्यूमोथोरॅक्सचा, म्हणजे छातीत शिरलेल्या हवेचा, जे ९३ जोडायचा मोह होतो. एक्स-रेवर हवा-पाण्याची आडवी रेघ दिसते, मग हवेसाठी वेगळा कोड का नको? कारण ती हवा जे ८६.९ मध्ये आधीच मोजलेली आहे.

आता पाणी. जे ९० म्हणजे दुसरीकडे वर्गीकरण नसलेलं प्ल्युरल इफ्यूजन. त्याच्या यादीत ‘एन्सिस्टेड प्ल्युरिसी’ हा शब्द आहे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा: पाणी कप्प्याकप्प्यांत अडकलं, म्हणजे ‘लॉक्युलेटेड’ झालं, एवढ्यावर ते पू ठरत नाही. कप्पे झाले म्हणून जे ८६.९ टाकणारे कोडर बरेच आहेत, आणि ऑडिटरला पहिलं सापडतं ते हेच. यात पैसाही गुंतलेला आहे. एमएस-डीआरजीच्या, म्हणजे निदानांच्या गटांवरून रुग्णालयाचे पैसे ठरवण्याच्या, हिशेबात जे ८६.९ दुय्यम निदान म्हणून आला तर तो एमसीसी (मोठी गुंतागुंत) मानला जातो, जे ९० नुसता सीसी (साधी गुंतागुंत). मुख्य निदान म्हणून जे ८६.९ श्वसनसंसर्गाच्या १७७ ते १७९ या गटांत जातो, जे ९० इफ्यूजनच्या १८६ ते १८८ मध्ये. एका शब्दावर एवढं हलत असेल तर तो शब्द डॉक्टरांच्याच हातचा असायला हवा.

एक नमुना जवळून बघू. डिस्चार्ज समरीत असं लिहिलंय: ‘उजव्या लोअर लोबचा न्यूमोनिया, मोठं लॉक्युलेटेड पॅरान्यूमोनिक इफ्यूजन. पिगटेल घातला, ४०० मिली गढूळ द्रव निघाला. द्रवाचा पीएच ६.९, ग्लुकोज १८. कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकोकस अँजिनोसस.’ म्हणजे न्यूमोनियासोबत साचलेला द्रव पिगटेल या बारीक नळीने काढला. छातीच्या डॉक्टरला हे वाचून शंका उरत नाही. पीएच ७.२ च्या खाली, ग्लुकोज ६० च्या खाली आणि वर कल्चरमध्ये जंतू, म्हणजे नळी घालून निचरा करायचंच प्रकरण. पण कोडरला इथे जे ८६.९ लावता येत नाही. सबंध समरीत एम्पायेमा, पायोथोरॅक्स किंवा पू यांपैकी एकही शब्द नाही. प्रयोगशाळेचा आकडा म्हणजे निदान नाही. त्या आकड्याचा अर्थ उपचार करणाऱ्याने लिहिला पाहिजे, हे मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे.

मग डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवायची, आणि तीही उत्तर तोंडात न घालता. ‘हा एम्पायेमा आहे ना?’ असं विचारलेली क्वेरी ऑडिटमध्ये टिकत नाही. पीएच, ग्लुकोज, कल्चर आणि नळीची तारीख जशीच्या तशी मांडायची, आणि खाली पर्याय द्यायचे: एम्पायेमा, कॉम्प्लिकेटेड पॅरान्यूमोनिक इफ्यूजन, साधं पॅरान्यूमोनिक इफ्यूजन, इतर काही, सांगता येत नाही. ‘कॉम्प्लिकेटेड’ हा पर्याय डॉक्टरांनी निवडला तर निराश व्हायचं कारण नाही, पण तेवढ्यावर जे ८६ कडे धावायचंही नाही. त्या शब्दाची एम्पायेमाच्या नोंदीखाली वाट नाही.

समजा उत्तर ‘एम्पायेमा’ आलं. आता जे ८६.९, सोबत जंतूसाठी बी ९५.४, आणि न्यूमोनियाचा कोड. न्यूमोनियाला कोणता? कल्चर द्रवाचं आहे, थुंकीचं नाही, आणि डॉक्टरांनी न्यूमोनियाला जंतू जोडलेला नाही. म्हणून जे १५.४ नाही, जे १८.९. ‘एकच जंतू असणार’ हा तर्क वैद्यकीय दृष्ट्या बरोबर असेलही. कोडरचा तो अधिकार नाही. इफ्यूजनसाठी वेगळा जे ९० आता नको, कारण तो द्रव म्हणजेच पू.

जंतूच्या कोडची सूचना या पानांवर कुठे छापलीय, हेही मुद्दाम पाहावं. ती जे ८६.९ पाशी नाही, वर जे ८६ या तीन खुणांच्या (अक्षर-अंकांच्या) मथळ्याखाली आहे: बी ९५ ते बी ९७ मधला जास्तीचा कोड वापरा. जे ८५ चंही तसंच. पुस्तकात किंवा अधिकृत पीडीएफमध्ये नजर आपोआप वर जाते. पण कोड शोधून देणाऱ्या बऱ्याच साइटवर जे ८६.९ चं वेगळं पान उघडतं आणि मथळ्याची सूचना खाली कुठेतरी लहान अक्षरांत राहते, किंवा गायबच असते. कोड बरोबर, दावा अपुरा. अशा साइट वाईट असतात असं नाही, शब्दावरून कोडपर्यंत पटकन पोचायला त्या बऱ्याच. पण शेवटचा शब्द टॅब्युलरचा, आणि तोही गटाच्या वरच्या ओळीपासून वाचलेला.

जंतूंच्या बाबतीत काही बारकावे आहेत. स्टॅफिलोकोकस ऑरियसचे दोन वेगळे कोड आहेत, मेथिसिलिनला दाद देणारा बी ९५.६१ आणि न देणारा बी ९५.६२. न्यूमोकोकस बी ९५.३, क्लेबसिएला बी ९६.१, स्यूडोमोनास बी ९६.५, बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस बी ९६.६. अँजिनोसस गटाला स्वतःचा कप्पा नाही, म्हणून तो बी ९५.४ या ‘इतर स्ट्रेप्टोकोकस’ मध्ये. फुप्फुसाभोवतीच्या पुवात या गटाचे जंतू वारंवार सापडतात, तरी ग्रंथाने त्यांना ‘इतर’ मध्येच बसवावं हे जरा खटकतं. कल्चर निर्जंतुक आलं तर बी चा कोड लावायचाच नाही. रकाना रिकामा दिसतो म्हणून बी ९६.८९ टाकायची सवय काही ठिकाणी दिसते. तो कोड नाव सापडलेल्या पण यादीत नसलेल्या जंतूसाठी आहे, न सापडलेल्यासाठी नाही. अँटिबायोटिक आधीच सुरू झालेलं असेल तर कल्चर कोरं येणं नेहमीचंच. आणि बी ९५ ते बी ९७ मध्ये बुरशी नाही. अ‍ॅस्परजिलस किंवा कॅन्डिडा निघाला तर त्या बुरशीच्याच नावाने इंडेक्समध्ये जायचं. अ‍ॅक्टिनोमायकोसिस आणि नोकार्डिया यांचंही तसंच, त्यांना फुप्फुसाचे स्वतःचे कोड आहेत: ए ४२.० आणि ए ४३.०.

जे ८६.०: नाव एक, आत भलतंच

या ग्रंथावर खरी टीका करायची तर ती इथे. मथळा म्हणतो ‘फिस्टुलासह पायोथोरॅक्स’. मथळा वाचून कोणालाही वाटेल की पू हवा, शिवाय भोक हवं. पण खाली यादीत नुसते फिस्टुले दिलेत: ब्राँकोप्ल्युरल, ब्राँकोक्युटेनियस, हेपॅटोप्ल्युरल, मीडियास्टायनल, प्ल्युरल, थोरॅसिक. इंडेक्समध्ये ‘फिस्टुला’ या नोंदीखाली ब्राँकोप्ल्युरल शोधला की कसलीही अट न घालता जे ८६.० मिळतो. म्हणजे फुप्फुसाचा भाग काढल्यावर ब्राँकसचं (श्वासनलिकेच्या फांदीचं) टोक उसवलं, हवा गळते आहे, पू एक थेंब नाही, तरी कोडच्या नावात ‘पायोथोरॅक्स’ छापून येतो. त्याहून गमतीचं म्हणजे श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यातला जन्मानंतर झालेला फिस्टुलाही याच कप्प्यात येतो. फुप्फुसावरणाचा तिथे संबंधसुद्धा नाही.

कोडरने काय करायचं? जे इंडेक्स सांगतो ते. कोडचं नाव पटत नाही म्हणून दुसरा कोड शोधत बसू नये. पण हा आकडा पुढे संशोधनात वापरणाऱ्यांनी सावध राहावं. एखाद्या रुग्णालयाच्या जे ८६.० च्या यादीवरून ‘फिस्टुला असलेले एम्पायेमाचे रुग्ण’ मोजले, तर त्यात पू नसलेले लोकही मोजले जातील. अशी मोजणी करायची असेल तर सोबत बी ९५-बी ९७ चा कोड आहे का, निचऱ्याची प्रक्रिया झाली का, हे गाळणीला लावावं लागतं, आणि तीही गाळणी पक्की नाही.

उलट दिशेची चूकही होते. शस्त्रक्रियेनंतर नळीतून हवेचे बुडबुडे येत राहिले आणि सर्जनने ‘एअर लीक’ लिहिलं, तर तो फिस्टुला नाही. त्याला जे ९५.८१२ आहे, शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या रेंगाळणाऱ्या गळतीला जे ९३.८२. डॉक्टरने ‘ब्राँकोप्ल्युरल फिस्टुला’ हे शब्द लिहिले तरच जे ८६.०. आणि नळी काढल्यावर तिच्या वाटेने दोन दिवस पाझरणारा द्रव म्हणजे प्ल्युरोक्युटेनियस फिस्टुला नव्हे, तसं डॉक्टर म्हणत नाहीत तोवर. याउलट जुना पू बरगड्यांमधून वाट काढत कातडीपर्यंत येतो, ज्याला एम्पायेमा नेसेसिटॅन्स म्हणतात, तो फुटून बाहेर वाहू लागला तर मात्र फिस्टुलाबद्दल विचारलंच पाहिजे. इथे क्वेरी न पाठवणं म्हणजे आळस.

गळू आणि पू एकत्र आले तर

जे ८५ हा शेजारी तसा सरळ आहे. जे ८५.० फुप्फुसाचं गँग्रीन आणि नेक्रोसिस, जे ८५.१ न्यूमोनियासह गळू, जे ८५.२ न्यूमोनियाशिवाय, जे ८५.३ मीडियास्टायनमचं, म्हणजे दोन फुप्फुसांमधल्या जागेचं, गळू. नुसतं ‘लंग अ‍ॅब्सेस’ लिहिलं असेल तर जे ८५.२. जे ८५.१ खाली सूचना आहे की न्यूमोनियाचा प्रकारही वेगळा कोड करा. ती चुकते, कारण लोकांना वाटतं कोडच्या नावातच न्यूमोनिया आलाय. मीडियास्टायनमचा नुसता दाह, गळू नसलेला, जे ९८.५१ मध्ये जातो. ही दोन्ही एकाच रुग्णात असू शकतात.

त्रास सुरू होतो तो जे ८६ च्या डोक्यावरच्या ‘एक्सक्लूड्स वन’ मुळे. तिथे दोन गोष्टी आहेत, फुप्फुसातलं गळू आणि क्षयाचा पायोथोरॅक्स. एक्सक्लूड्स वन म्हणजे दोन्ही एकत्र लावायचे नाहीत. क्षयाच्या बाबतीत ते योग्यच आहे. क्षयाचा एम्पायेमा ए १५.६ मध्ये, आणि त्याला जे ८६.९ जोडायचा नाही. इथे जागतिक आवृत्तीशी एक फरक ध्यानात ठेवावा. तिकडे जंतू दिसून पक्कं झालेल्या क्षयाला ए १५ आणि नुसत्या निदानाला ए १६ असे दोन गट आहेत. आयसीडी-१०-सीएममध्ये ए १६ नाहीच. डॉक्टरने क्षय लिहिला की ए १५, जंतू दिसो वा न दिसो. जागतिक आवृत्तीवर शिकलेले कोडर इथे ए १६.५ शोधत बसतात.

गळवाच्या बाबतीत मात्र ही मनाई डॉक्टरांच्या रोजच्या अनुभवाच्या आड येते. फुप्फुसातलं गळू फुप्फुसावरणात फुटतं आणि एम्पायेमा होतो, ही एम्पायेमाच्या कारणांतली जुनी, पाठ्यपुस्तकातली वाट. चार्टमध्ये दोन्ही निदानं एका ओळीत येतात आणि सॉफ्टवेअर लाल रंगात अडवतं. अपवाद एकच: दोन्ही अवस्थांचा एकमेकींशी संबंध नसेल, आणि तसं कागदावर असेल. उजव्या वरच्या भागात गळू आणि डाव्या बाजूला वेगळाच एम्पायेमा, असं काही. फुटलेल्या गळवाला तो अपवाद लागू होत नाही, कारण तिथे संबंधच आहे. मग दोघांपैकी कोणता ठेवायचा, याबद्दल ग्रंथ गप्प. व्यवहारात करता येण्यासारखं एवढंच: गळू ब्राँकसला जोडलेलं आहे का, म्हणजे फिस्टुला आहे का, हे विचारायचं, कारण तसं असेल तर जे ८६.० चा रस्ता उघडतो आणि चित्र अधिक नेमकं होतं. नाहीतर उपचार कशावर झाला ते पाहून टीमने एक नियम लिहून ठेवावा आणि सगळ्यांनी तोच पाळावा. दर कोडरने दर वेळी वेगळा कौल लावणं हे सगळ्यात वाईट.

यकृताची बाजूही थोडक्यात. अमीबाचं यकृतातलं गळू ए ०६.४, ते डायफ्रॅम ओलांडून फुप्फुसात गेलं तर ए ०६.५, ज्याच्या नावात कंसात यकृतही आहे, म्हणून ए ०६.४ वेगळा लावू नये. साध्या जंतूंचं यकृतातलं गळू के ७५.०, डायफ्रॅमखालचं के ६५.१. डायफ्रॅमखालच्या गळवामुळे छातीत जमणारं पाणी पुष्कळदा नुसतं पाणीच असतं. तिथे घाईने जे ८६.९ लावू नका.

सेप्सिस आला की क्रम महत्त्वाचा. रुग्ण दाखल होतानाच सेप्सिस आणि एम्पायेमा दोन्ही असतील तर सेप्सिसचा कोड आधी, जे ८६.९ नंतर. एम्पायेमा घेऊन आला आणि सेप्सिस चौथ्या दिवशी झाला, तर एम्पायेमा आधी. ‘दाखल होताना होतं का’ या पीओए खुणेचा इथे कस लागतो. न्यूमोनिया म्हणून दाखल, सहाव्या दिवशी पू निघाला: पू दाखल होताना होता की नंतर झाला, हे फक्त डॉक्टर सांगू शकतात. नंतर झाला असेल तर खूण ‘एन’, आणि तो मुख्य निदान होऊच शकत नाही. डॉक्टरांनाही ठरवता येत नसेल तर ‘डब्ल्यू’. कागदच अपुरे असतील तर ‘यू’. ‘यू’ जास्त दिसले तर दोष ग्रंथाचा नाही, क्वेरी न पाठवणाऱ्याचा आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या पुवासाठी टी ८१.४ चे उपकोड १ ऑक्टोबर २०१८ पासून बारीक झाले, आणि ती सुधारणा चांगली आहे. फुप्फुस काढल्यावर त्या पोकळीत पू झाला आणि डॉक्टरने तो शस्त्रक्रियेशी जोडला, तर आधी टी ८१.४३एक्सए, मग जे ८६ चा कोड, मग जंतू. जोडणी मात्र शब्दांत हवी. ‘शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी’ हा नुसता कालावधी झाला, कारण नव्हे.

‘प्रॉबेबल एम्पायेमा’ हे शब्द डिस्चार्जच्या वेळी भरती रुग्णाच्या समरीत असतील तर तो असल्यासारखाच कोड करायचा. तेच शब्द बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर असतील तर करायचा नाही; तिथे लक्षणं किंवा जे नक्की ठरलंय तेवढंच.

ग्रंथ काय विचारत नाही, तेही सांगायला हवं. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने १९६२ मध्ये एम्पायेमाच्या तीन अवस्था मांडल्या: एक्झ्युडेटिव्ह, फायब्रिनोपुरुलंट, ऑर्गनायझिंग. उपचार अजूनही त्याच पायऱ्यांवर ठरतात. आधी नळी, मग कप्पे मोडायला औषध, मग दुर्बिणीतून किंवा छाती उघडून साफसफाई. जे ८६ ला या पायऱ्यांचं सोयरसुतक नाही. तिसऱ्या दिवसाचा पातळ पू आणि तिसऱ्या महिन्याची जाड साल, दोन्ही जे ८६.९. फक्त संसर्ग पूर्ण संपून नुसती साल उरली आणि डॉक्टरने फायब्रोथोरॅक्स लिहिलं, तर जे ९४.१. बाजूही हा गट विचारत नाही. आयसीडी-११ मध्ये, जी १ जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर लागू झाली, पायोथोरॅक्सच्या मूळ कोडला जोडकोड लावून असे तपशील सांगायची सोय आहे. अमेरिकेतल्या क्लेमना त्याचा आज काही उपयोग नाही.

बाजू कळते ती प्रक्रियेच्या ग्रंथात, आयसीडी-१०-पीसीएसमध्ये. उजव्या फुप्फुसावरणात कातडीतून नळी घालून ती ठेवली, तर कोड ०डब्ल्यू९९३०झेड. चौथी खूण ९ म्हणजे उजवी पोकळी. डावीसाठी तिथे बी. पाचवी ३ म्हणजे कातडीतून सुई किंवा तार घालून. सहावी ० म्हणजे नळी आत राहिली. नळी न ठेवता नुसतं सुईने काढलं तर सहावी झेड, आणि ते तपासणीसाठी असेल तर सातवी एक्स. नेहमीची चूक सहाव्या खुणेत होते: पिगटेल घातल्याची नोंद प्रक्रियेच्या टिपणात नसते, ती नर्सिंगच्या ड्रेनेज चार्टवर सापडते, आणि कोडर टिपण वाचूनच थांबतो. रोज ३०० मिली निचरा मोजलेला दिसतोय आणि कोड म्हणतोय नळी नाही, तर टिपण पुन्हा मागवायला हवं. एका बाजूला नळी आणि दुसऱ्या बाजूला नुसती सुई, असं असेल तर प्रक्रियेचे दोन कोड लागतात, निदानाचा जे ८६.९ एकच राहतो.

आवृत्तीबद्दल. दर वर्षी १ ऑक्टोबरला नवी येते, आणि २०२२ पासून १ एप्रिललाही बदल येऊ शकतात. सोबतची ‘अडेंडा’ ही बदलांची फाइल आधी वाचावी. ती लहान असते आणि जे ८५-जे ८६ ला हात लागलाय का ते पाच मिनिटांत कळतं. एम्पायेमाचे रुग्ण बरेच दिवस राहतात, म्हणून हे यांच्याच बाबतीत जास्त अडतं: २४ सप्टेंबरला दाखल, ६ ऑक्टोबरला नळी काढून घरी, तर अख्ख्या मुक्कामाला नवी आवृत्ती लागते. तारीख डिस्चार्जची धरायची, नळी घातल्याची नाही.